देव मतदानाने ठरला नव्हता

निकियाच्या परिषदेला २०२५ साली १७०० वर्षे झाली. असे निमित्त मिळाले की एक ठरलेली कहाणी धूळ झटकून बाहेर येते. ती भाषणांत येते, लेखांत येते, मोबाइलवर तर अखंड येत राहते. सांगणारा बहुधा स्वतःला चिकित्सक म्हणवतो. ऐकणारा ‘हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते’ अशा कौतुकाने मान डोलावतो.

कहाणी अशी. येशू हा एक भला गुरू होता, फार तर समाजसुधारक. तीनशे वर्षे त्याचे अनुयायी त्याला माणूसच समजत होते. मग कॉन्स्टंटाइन नावाच्या धूर्त रोमन सम्राटाला विस्कटलेले साम्राज्य बांधायला एक देव हवा झाला. इसवी सन ३२५ मध्ये त्याने बिशपांना निकियाला बोलावले, हात वर करायला लावले आणि थोडक्या मतांनी माणसाचा देव झाला. विरोध करणाऱ्या आरियसला हाकलून दिले. त्याच बैठकीत बायबलात कोणती पुस्तके ठेवायची हेही उरकून घेतले. पुढची पन्नास-साठ वर्षे ही मंडळी एका अक्षरावरून एकमेकांची डोकी फोडत बसली.

या कहाणीचा पूर्वार्ध बहुतेकांकडे डॅन ब्राऊनच्या ‘द दा विंची कोड’ या २००३ च्या कादंबरीतून आला. तिथे एक विद्वान पात्र हे सगळे मोठ्या अधिकारवाणीने सांगते. पुढे कादंबरी विसरली गेली आणि अधिकारवाणी तेवढी उरली. उत्तरार्धाचे कूळ अधिक प्रतिष्ठित आहे. एका अक्षराची टवाळी अठराव्या शतकात एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासात केली आणि तेव्हापासून ती दर पिढीला नवी वाटते.

मी कोणता देव मानतो, किंवा मानतच नाही, याचा इथे संबंध नाही. ख्रिस्त देव होता का, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. लोक त्याला देव कधीपासून म्हणू लागले, हा इतिहासाचा. दुसऱ्याला पुरावे लागतात आणि ते भरपूर आहेत.

सुरुवात रोमन सरकारी दप्तरापासून करू, म्हणजे ‘पाद्र्यांनी नंतर घुसडले’ म्हणायची सोय राहत नाही. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा बिथिनियाचा सुभेदार होता. निकिया शहर त्याच प्रांतातले. ख्रिस्ती लोकांचे काय करावे, असे त्याने सम्राट त्राजानला पत्राने विचारले. चौकशीत काय आढळले तेही लिहिले: हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रे गातात. कॉन्स्टंटाइनच्या जन्माला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता. मग त्या प्रांतातले लोक पहाटे उठून कोणाच्या हुकमाने गात होते?

रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडलेले एक चित्र सापडले आहे. क्रूसावर खिळलेला, गाढवाच्या डोक्याचा माणूस, आणि समोर हात उंचावून उभा असलेला एक तरुण. शेजारी ग्रीक अक्षरांत टोमणा: अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. काळ साधारण इसवी सन २०० चा. कुणा वात्रट सोबत्याने केलेली ही थट्टा आज मोठमोठ्या प्रबंधांपेक्षा मोलाची आहे, कारण थट्टा करणाऱ्याला ख्रिस्ती धर्माची भलामण करायची नव्हती. इस्रायलमधल्या मगिद्दो इथे २००५ साली तुरुंगाच्या आवारात खोदकाम करताना तिसऱ्या शतकातल्या प्रार्थनास्थळाची फरशी निघाली. अकेप्तूस नावाच्या बाईने देव येशू ख्रिस्ताला स्मृतीदाखल मेज अर्पण केल्याची नोंद त्या फरशीत रंगीत खड्यांनी जडवलेली आहे. या बाईलाही सम्राटाने मतदानाला बोलावले नव्हते.

प्रेषित पौलाची पत्रे तर येशूच्या मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांतली. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात देवाच्या रूपात असून स्वतःला रिते करणाऱ्या ख्रिस्ताचे वर्णन आहे, आणि अनेक अभ्यासकांना ते पौलाच्याही आधीपासून गायले जाणारे गीत वाटते. यावर कोणी म्हणेल, त्याला निव्वळ माणूस मानणारेही होते. होते ना. एबिओनाइट पंथाचे लोक होते. चामड्याचा धंदा करणारा थिओडोटस होता, त्याला दुसरे शतक संपण्याआधीच रोमच्या बिशपाने मंडळीबाहेर काढले. पण सुरुवातीच्या काळातल्या एका मोठ्या भांडणाची दिशा बरोबर उलटी होती. ख्रिस्ताला शरीर नव्हतेच, तो माणसासारखा नुसता भासत होता, असे म्हणणाऱ्यांशी दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या बिशप इग्नेशियसला झगडावे लागले. त्याचे देवत्व गृहीत धरून चालणारे आणि माणूसपणाच नाकारणारे लोक ज्या धर्मात निकियाच्या दोनशे वर्षे आधी होते, त्या धर्मात देवत्व ३२५ साली आयात झाले म्हणायचे?

सम्राटाशिवाय हे वाद होत नव्हते, हेही खोटे. २६८ साली अंत्युखियात बिशपांनी सामोसाटाच्या पौलाला पदावरून काढले. येशू हा देवाच्या प्रेरणेने भरलेला माणूस होता, असे त्याचे मत असल्याचा आरोप होता. रोमचा सम्राट तेव्हा ख्रिस्ती नव्हता. पद गेले तरी हा गृहस्थ मंडळीची इमारत सोडेना, तेव्हा प्रकरण ऑरेलियन सम्राटापर्यंत गेले. इटलीतल्या आणि रोमच्या बिशपांचा ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे त्यांना इमारत द्या, असे सांगून त्याने विषय संपवला. सम्राटाचे काम जागा खाली करून देण्यापुरते. वाद लोकांनी स्वतःच घातला होता.

आता आरियसकडे वळू. या कहाणीने सर्वांत मोठा अन्याय त्याच्यावरच केला आहे. ‘येशू माणूस होता’ असे ठणकावणारा आद्य विवेकवादी म्हणून त्याला मिरवले जाते. बिचाऱ्याला हे कळले असते तर त्याने कानांवर हात ठेवले असते. लिबियातून आलेला, अलेक्झांड्रियातल्या बौकालिस इथल्या मंडळीचा हा वडील, तपस्वी राहणीचा. ३१८ च्या सुमारास बिशप अलेक्झांडरशी त्याचे वाजले. त्याचे म्हणणे असे की पिता तेवढा अनादी आहे. पुत्राला पित्याने आपल्या इच्छेने, काळाच्याही आधी निर्माण केले. पुत्र नव्हता अशी एक अवस्था होती. हा पुत्र देवदूतांहून श्रेष्ठ, त्याच्याच द्वारे सारे विश्व घडले, आणि आरियस त्याला ‘देव’ म्हणत होता. हो, आरियस! निकोमेडियाच्या बिशप युसेबियसला लिहिलेल्या त्याच्या पत्रात ते आहे. त्याने आपली शिकवण पद्यात बांधली, आणि खलाशांनी, जात्यावरच्या लोकांनी, वाटसरूंनी गावीत म्हणून गीते रचल्याचे फिलोस्टॉर्जियस हा इतिहासकार सांगतो.

म्हणजे निकियात एका बाजूला ‘देव’ म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला ‘माणूस’ म्हणणारे असा सामना नव्हताच. दोन्ही बाजू गुडघे टेकत होत्या. प्रश्न होता, ज्याच्यापुढे आपण गुडघे टेकतो तो कोणत्या अर्थाने देव आहे. स्वतः परमेश्वर, की परमेश्वराने घडवलेला सर्वांत उंच कारभारी?

आरियसजवळ वचने होती. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान स्वतःच सांगते की परमेश्वराने मला आरंभी निर्माण केले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू पित्याला आपल्याहून थोर म्हणतो. मार्कात तर शेवटची घटका पुत्रालाही ठाऊक नसल्याचे तो कबूल करतो. ही वचने झटकून टाकण्यासारखी नव्हेत, आणि विरुद्ध बाजूला ती सोडवताना घाम फुटला. पण त्या बाजूचा, विशेषतः पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथानासियसचा, प्रतिप्रश्नही टोकदार होता. पुत्र जर निर्मिलेला असेल, तर त्याची उपासना करणारे तुम्ही निर्मिलेल्या वस्तूची उपासना करता. मग मूर्तिपूजकांना कोणत्या तोंडाने नावे ठेवता? आणि जो स्वतः दान म्हणून अस्तित्वात आला, तो दुसऱ्यांना देवाचे जीवन कुठून देणार? ज्याने क्रूसावरचे दुःख सोसले तो देव स्वतः होता, की देवाने आपल्याऐवजी दुसऱ्याला पुढे केले? ईश्वर मानणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारा, या दोन उत्तरांत फरक आहे का ते. मी तर म्हणेन, न मानणाऱ्यालाही तो दिसायला हवा. आपल्या दुःखात राजा स्वतः उतरला की त्याने हुजऱ्या पाठवला, हे कळायला भक्त असावे लागत नाही.

यावर आमचे चिकित्सक हसून म्हणतात, निरर्थक कीस. मला गंमत वाटते ती याची की हे मत जाहीरपणे मांडणाऱ्यांत अग्रमान खुद्द कॉन्स्टंटाइनचा आहे. ३२४ साली त्याने कोर्दोबाच्या बिशप होसियसबरोबर अलेक्झांडर आणि आरियस या दोघांना पत्र पाठवले. त्याचा सूर असा की विषय क्षुल्लक आहे, रिकामटेकड्या डोक्यातून निघालेला आहे, तत्त्वज्ञ बारीकसारीक मतभेद असूनही एकत्र नांदतात, तुम्हीही नांदा. ज्या सम्राटाने देव घडवण्याचे कारस्थान रचले असे सांगतात, त्याला हा वादच नको होता! तेव्हा कहाणी सांगणाऱ्यांनी एकदा ठरवून टाकावे. प्रश्न जर इतका फालतू असेल, तर त्यावर साम्राज्य कसे उभे राहिले? आणि साम्राज्य त्यावर उभे राहिले असेल, तर तो फालतू कसा? दोन्ही आरोप एका दमात करता येत नाहीत, पण केले जातात आणि वर टाळ्या मिळतात.

थोडक्या मतांचे प्रकरण लवकर संपते. परंपरा ३१८ बिशपांचा आकडा सांगते, इतिहासकार अडीचशे-तीनशेचा अंदाज करतात. यांपैकी अखेरपर्यंत सही नाकारली ती दोघांनी, सेकुंदस आणि थिओनास या लिबियातल्या बिशपांनी. आरियसबरोबर तेही हद्दपार झाले. सम्राट समोर बसलेला असताना सह्या झाल्या, दडपण होतेच. कैसरियाच्या बिशप युसेबियसने सही केल्यावर आपल्या गावच्या मंडळीला जे खुलाशाचे पत्र लिहिले त्यात त्याची अस्वस्थता लपत नाही. पण दडपणाखाली ज्या मजकुरावर सह्या झाल्या त्यातला प्रश्न ‘येशू देव आहे का’ हा नव्हता. आणि बायबलाची यादी? परिषदेचे २० नियम आज उपलब्ध आहेत. त्यांत स्वतःचे खच्चीकरण करून घेणाऱ्या धर्मसेवकांबद्दल आहे, व्याजबट्टा करणाऱ्यांबद्दल आहे, एका शहरातून दुसऱ्या शहरात उड्या मारणाऱ्या बिशपांबद्दल आहे, रविवारी उभ्याने प्रार्थना करण्याबद्दल आहे. बायबलातल्या पुस्तकांबद्दल अवाक्षर नाही. नव्या करारातल्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम दिसते ती अथानासियसच्या ३६७ च्या पत्रात.

राजकारणाचा सिद्धान्त खरा मोडतो तो ३२५ नंतर. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने आरियसला परत बोलावले. ३३५ मध्ये त्याने हद्दपार केले ते अथानासियसला, पार गॉलमधल्या त्रिएरला. ३३७ मध्ये मरणशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला, तोही आरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमेडियाच्या युसेबियसकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस निकियाच्या विरोधकांच्या बाजूचा. पुढे सम्राट व्हॅलेन्सही तसाच. ३५९-६० मध्ये बादशाही दट्ट्याने अशी सूत्रे संमत करून घेतली गेली की निकियाचा ‘समतत्त्व’ हा मुख्य शब्दच गाळला गेला. अथानासियस पाच वेळा, चार सम्राटांच्या कारकिर्दीत हद्दपार झाला. बिशपपदाच्या ४५ वर्षांतली सुमारे १७ वर्षे त्याची परागंदा अवस्थेत गेली, काही वर्षे तर इजिप्तच्या वाळवंटात संन्याशांच्या आश्रयाने लपून. सम्राटाचे बाहुले इतकी वर्षे सम्राटांपासून लपत फिरते का?

शिवाय सम्राटाला सोयीचे काय होते, याचा विचार कोणी करतो? ३३६ साली कैसरियाच्या युसेबियसने कॉन्स्टंटाइनच्या राज्यारोहणाच्या तिसाव्या वर्षानिमित्त भाषण केले. त्यात स्वर्गात एक परमराजा, त्याच्या खाली त्याचा कारभार पाहणारा ‘शब्द’ म्हणजे पुत्र, आणि त्याच नमुन्यावर पृथ्वीवर राज्य करणारा एक सम्राट, अशी देखणी उतरंड आहे. राजवाड्याला आवडेल ते हे. देवातच वरचा-खालचा नाही, असे म्हणणाऱ्या निकियाच्या सूत्रातून सिंहासनाला काय मिळणार होते? आणि रोमबाहेरचे काय? इराणातल्या ख्रिस्ती मंडळीने निकियाचे सूत्र ४१० साली स्वीकारले. इराण तर रोमचा हाडवैरी. सासानी शहाच्या राज्यात कॉन्स्टंटाइनचे भूत नेमके कोणत्या रस्त्याने शिरले?

राहिले ते कुप्रसिद्ध अक्षर. पुत्र पित्याशी ‘समतत्त्व’ आहे असे निकियाचे म्हणणे, ‘सदृशतत्त्व’ आहे असे दुसऱ्या पक्षाचे, आणि ग्रीकमध्ये या दोन शब्दांत एका आयोटाचा फरक. म्हणून एका आयोटासाठी रक्त सांडले, असा विनोद. विनोद चांगला आहे, इतिहास वाईट आहे. ३२५ मध्ये हा दुसरा शब्द आखाड्यात नव्हताच. तो पक्ष ३५८ च्या सुमारास अंकिराच्या बिशप बासिलभोवती उभा राहिला. आणि गंमत पाहा, ३५९ मध्ये याच एका अक्षराच्या पलीकडच्या लोकांना अथानासियसने भाऊ म्हणून साद घातली. आशय जुळत असेल तर शब्दावरून तुटू नये, अशी भूमिका घेणारा माणूस तोच, ज्याला शब्दांसाठी भांडणारा हट्टी म्हणून रंगवतात. त्यांच्यातले बरेच जण पुढे निकियाच्या बाजूला आले.

आणि अक्षरांना हसण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी आहे का? द्वैत आणि अद्वैत यांत किती अक्षरांचा फरक आहे? शंकराचार्य आणि मध्वाचार्य एका ‘अ’वरून भांडले, असे कोणी म्हटले तर आपण त्याला अडाणी ठरवू. ज्ञानेश्वर ‘अमृतानुभवा’त शिव आणि शक्ती यांना दोन म्हणावे की एक म्हणावे यावर ओव्यांमागून ओव्या खर्च करतात, तेव्हा आपल्याला ते चिंतन वाटते. तोच प्रश्न अलेक्झांड्रियातल्या माणसाने पिता आणि पुत्र यांच्याबद्दल विचारला की तो कीस होतो!

नीसाच्या बिशप ग्रेगरीचे एक वर्णन अशा वेळी हमखास काढले जाते. कॉन्स्टंटिनोपलमध्ये पैसे मोडून मागावेत तर सराफ जन्मलेल्या आणि न जन्मलेल्यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर पिता थोर असल्याचे ऐकावे लागते, स्नानगृहातला नोकरही पुत्र शून्यातून आल्याचे सांगतो. ग्रेगरी वैतागला होता, कारण ही सगळी मते त्याच्या विरोधकांची होती. आपण कशाला वैतागायचे? शेतकऱ्याच्या तोंडी सगुण-निर्गुण ऐकून गहिवरणाऱ्यांना पाववाल्याच्या तोंडचे तत्त्वज्ञान हास्यास्पद का वाटावे? ‘सम्राटाने ठरवले, जनतेने मानले’ ही कहाणी या पाववाल्याला आणि बंदरावर गाणी म्हणणाऱ्या खलाशांना मुळातून पुसून टाकते. जनता म्हणजे मेंढरे, हे गृहीतक तिच्या पोटात आहे, आणि ते लोकशाहीवादी तोंडातून ऐकताना मला अधिकच खटकते.

घाण नव्हती असे मी म्हणत नाही. कॉन्स्टंटाइनने आरियसची पुस्तके जाळण्याचा आणि ती लपवणाऱ्याला मृत्युदंडाचा हुकूम काढला. अथानासियसच्या माणसांनी विरोधी गटातल्या लोकांना मारहाण केल्याचे सांगणारे त्या काळचे पपायरसवरचे पत्र सापडले आहे. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकियाची श्रद्धा कायद्याने लादली आणि ३८१ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेने ती पक्की केली. पुढची भांडणे, ४३१ ची इफिससची आणि ४५१ ची खाल्सेदोनची, याहून कडवट. त्यांची झळ आपल्या किनाऱ्यापर्यंत आली. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ज्या कल्लियानात इराणातून नेमून आलेला बिशप असल्याचे लिहितो, ते ठाण्याजवळचे कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. याच इराणी मंडळीशी जोडलेल्या केरळच्या ख्रिस्ती लोकांवर १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस चालून गेला आणि उदयंपेरूरच्या धर्मसभेनंतर इफिससला धिक्कारलेल्या नेस्टोरियसच्या मताची ठरवून त्यांची सिरियाक पुस्तके जाळली गेली. सत्तेने वादाचा दंडुका केला, हे खरेच. पण दंडुका उगारला गेला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

प्रश्न किती खरा होता, हे पाहायला रोमला जायची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. १८८५ मध्ये चेल्टनमहून त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून कशावर भांडत होत्या? त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर. एकच देव मानायचा तर हे तीन कसे, बायबलात हे नेमके कुठे आहे, आणि जे पटत नाही ते चर्चने सांगितले म्हणून का मान्य करू? जेराल्डिनला त्यात अहंकार दिसला. रमाबाईंनी कळवले की आपली विवेकबुद्धी आपल्यापाशी आहे. या बाईला कोणता सम्राट खेळवत होता? पुढे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते युनिटेरियन मंडळींच्या साहाय्याने, म्हणजे त्रैक्य नाकारणाऱ्यांच्याच. चौथ्या शतकातला प्रश्न एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मराठी माणसांनी स्वतःचा म्हणून विचारला, कारण तो विचारण्याजोगा होता.

तेव्हा निकियाचे उत्तर नाकारायचे असेल तर खुशाल नाकारा. आरियसच्या बाजूने उभे राहायचे तर तसे राहा, त्याच्याजवळ वचने आहेत, तर्क आहे, आणि गॉथ लोकांनी साम्राज्याचा पाठिंबा गेल्यावरही दोनशे वर्षे टिकवलेला वारसा आहे. पण त्याच्या तोंडी त्याने न म्हटलेले घालू नका, आणि ज्यांनी हद्दपारी भोगली त्यांना दरबारी ठरवू नका. यापुढे कोणी ‘निकियात मतदानाने येशूला देव केले’ असे सांगू लागला, तर वाचकहो, त्याला एवढेच विचारा: मग दोनशे वर्षे आधी, त्याच प्रांतात, प्लिनीने पकडलेले लोक पहाटे कोणाला गात होते?